चौथ्या खोलीची हवा

३ मे

पोचलो एकदाच्या! मी, भुंगी, दोन बॅगा आणि भुंगीने वाटेत हट्ट करून घ्यायला लावलेली एक प्लास्टिकची बादली. लेकीचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे. घरात ती भुंगीच, कारण जन्मल्यापासून तिची गुणगुण क्षणभर थांबलेली नाही. संशोधन केंद्र म्हटल्यावर मी गळके नळ आणि पोपडे सुटलेल्या भिंती डोळ्यांसमोर आणल्या होत्या. इथे तर थाट आहे. खाली काचघर आणि प्रयोगशाळा, वर आम्हा कर्मचाऱ्यांच्या खोल्या, आणि सगळीकडे एकाच यंत्रातून येणारी गार हवा. माझ्या पलंगाच्या वर भिंतीत एक जाळी आहे, तिच्यातून ती येते. भुंगीने पलंगावर चढून जाळीत हॅलो म्हणून पाहिलं. कुणी उत्तर दिलं नाही म्हणून रुसली.

एकच खोट. आमचं दार उघडतं ते थेट बाहेरच्या लोखंडी जिन्यावर, आणि दुपारी तिथे असं ऊन असतं की पाय ठेववत नाही. खाली फाटक आहे, तेही पहारेकरी दुपारी कुलूप लावून बंद करतो. इथली पद्धत आहे म्हणे, दुपारी सगळं बंद. भुंगी अनवाणी बाहेर गेली, तिच्यामागे दार लागलं, आणि उघडायला मला चार क्षण उशीर झाला तर बाईसाहेबांनी दाराला लाथा घातल्या. दाराला लाथ मारायची नाही हे मी तिला हजारदा सांगितलंय. शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात आमचं भांडण झालं. म्हणजे घर लागलं म्हणायचं.

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, कबूल. आधीच्या दोन नोकऱ्या त्यापायीच गेल्या. निघताना दादाने ही वही हातात दिली आणि म्हणाला, बाई गं, तोंड उघडण्याआधी इथे ओकत जा. ओकायला अजून काही नाही. आज मी चक्क खूश आहे.

५ मे

काम छान आहे. चार बंद खोल्यांत सोयाबीनची रोपं आहेत. पहिलीत नुसता उकाडा, दुसरीत नुसती तहान, तिसरीत नुसतं खारं पाणी. चौथीत तिन्ही एकदम. बाहेर शेतात लाडाकोडात वाढवलेली रोपं आहेत, ती तुलनेला. माझं काम वास घेण्याचं. झाडावर ताण आला की ते हवेत काही रसायनं सोडतं. शेजारच्या झाडाला ती कळतात आणि ते आधीच सावध होतं. त्या हवेची पिशवी भरायची आणि माझ्या यंत्राला द्यायची. ते हवेतली रसायनं वेगळी करून कागदावर प्रत्येकाचं एक शिखर काढून दाखवतं. मी त्याला नाक म्हणते.

लोकांना वाटतं तीन ताण म्हणजे तिप्पट त्रास. तसं नसतं. उकाडा असला की झाड पानांवरची बारीक तोंडं उघडतं, गार व्हायला. तहान असली की मिटतं, पाणी वाचवायला. दोन्ही एकदम आली तर बिचाऱ्याने करायचं काय? तेव्हा ते तिसरंच काहीतरी करतं, जे एकट्या उकाड्यात किंवा एकट्या तहानेत कधी केलेलं नसतं. सोयाबीनचं तर मला फार कौतुक वाटतं. ते पानांची तोंडं मिटतं आणि फुलांची उघडी ठेवतं. स्वतः तापतं, फुलाला गार ठेवतं. हे मी भुंगीला रंगवून सांगितलं. ती म्हणाली, मग तू पण तुझं आइस्क्रीम मला दे. दिलं.

चौथ्या खोलीत वास वेगळा आहे. कोवळी शेंग मोडल्यावर येतो तसा, पण मागे जिभेवर लोखंडाची चव राहते.

९ मे

इथली माणसं फार शांत आहेत. आधी मला बरं वाटलं, आता जरा डोक्यात जायला लागलंय.

भुंगीने आज आमच्या प्रमुखांच्या, म्हणजे मोठ्या सरांच्या, टेबलावरची काचेची नळी फोडली. मी तिचा कान धरून माफी मागायला घेऊन गेले. सर तुकड्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले, असू दे. आवाजात राग नाही, पण माया पण नाही. त्यांच्या ओठांना पांढरी कड आली होती, वाळलेल्या मिठासारखी. इथे कुणी पाणी पितच नाही. पाण्याचं मोठं भांडं बाहेरच्या खोलीत भरलेलं असतं, त्यावर धूळ बसलीय.

माझ्या भिंतीपलीकडची शेजारीण रोपांची निगा राखते. तिला तान्हा मुलगा आहे असं रुजू होताना कळलं होतं, म्हणून भुंगी त्याला आपली बादली दाखवायला घेऊन गेली. मूल नव्हतं. पाळणा घडी घालून कपाटावर ठेवलेला. नणंदेकडे पाठवलं म्हणाली. कधी आणणार विचारलं तर म्हणाली, आणायचं कशाला? मी म्हटलं, अगं, अंगावर पितं ना ते? त्यावर म्हणाली, दूध आटलं. नळाचं पाणी गेलं हे जसं सांगावं तसं. मला काय बोलावं सुचेना. मला सुचेना, हे दादाला सांगितलं तर तो पेढे वाटेल.

१२ मे

सकाळी चौथ्या खोलीत गेले आणि जागच्या जागी थांबले. फरशीभर कोवळ्या शेंगा. काल झाडावर होत्या, आज सगळ्या खाली. रोपं मात्र टवटवीत. फुलांची पाहणी केली. उकाड्यात आणि तहानेत उघडी राहणारी तोंडं मिठाची भर पडल्यावर मिटली होती. पानांची मिटलेली, फुलांचीही मिटलेली. झाडाने हिशोब केलाय, स्वतः जगायचं, पोटचं टाकायचं. शेंगा गळणं नवीन नाही, ताणात गळतातच. पण एकदम, एका रात्रीत, सगळ्या झाडांच्या?

चौथीच्या हवेची पिशवी आज पहिल्यांदाच नाकाला दिली, आजवर पहिल्या तीनच खोल्या झाल्या होत्या. कागदावर एक शिखर आलं जे पहिल्या तीन खोल्यांत कुठेच नाही. उंच, सरळ, एकटं. मी नाचायचीच बाकी होते. ह्याच सांगाव्याने सगळ्या झाडांनी एकदम शेंगा टाकल्या असणार.

मग राहून गेलेली कोरी हवा तपासली. यंत्र खरं बोलतंय का हे बघायला एक पिशवी स्वच्छ हवेची लागते. ती मी माझ्या घरात भरली होती, पलंगाशेजारी. तिथे झाडाचं पानसुद्धा नाही.

तेच शिखर. थोडं बुटकं, पण तेच.

यंत्र पुसलं, नळ्या बदलल्या, नवी पिशवी भरून आणली. पुन्हा तेच.

१३ मे

तळपायाची आग मस्तकात गेली आहे. लिहिताना निब कागदात घुसतंय, घुसू दे.

गार हवेच्या यंत्राचा मिस्त्री खालच्या खोलीत बसलेला असतो. त्याला धरून विचारलं की चौथ्या खोलीची हवा कुठे सोडता. त्याने सांगितलं, वर. वर म्हणजे कुठे? तुमच्या खोल्यांत. आधी बाहेर सोडायचो, सरांनी वळवायला सांगितली.

तशीच सरांकडे गेले. त्यांनी सगळं सांगितलं, अगदी हळू, समजावल्यासारखं. चौथ्या खोलीची हवा बाहेर जायची तेव्हा शेतातल्या तुलनेच्या रोपांना ती लागायची. ती उगाच मिटायची, शेंगा टाकायची. तुलना बिघडत होती. म्हणून हवा जिथे एकही रोप नाही तिथे वळवली. वर रोपं नाहीत ना, म्हणाले.

वर रोपं नाहीत! वर माणसं आहेत, मेल्या! माझी पोर आहे! रोपांना बाधू नये म्हणून माणसांच्या उशाशी सोडलीत? एवढ्या शिकलेल्या टाळक्यांत एकालाही हे खटकलं नाही? मी टेबलावर मूठ आपटली, कागद उडवले, नको नको ते बोलले. ते माझ्याकडे बघत होते. म्हणाले, मलाही आधी राग यायचा. मग विचारलं, तुमचं पोट भरलेलं असतं का हल्ली, तहान कमी झालीय का? झालीय. पण ते मी त्यांना सांगितलं नाही.

ह्या माणसांना मी शांत समजत होते. शांत नाहीत ही. मिटलीत.

संध्याकाळी शेजारणीच्या नणंदेला फोन लावला, नंबर शेजारणीच्या भिंतीवर लिहिलेला होता. ती बाई रडायलाच लागली. पोराला फाटकाशी आणून हातात दिलं म्हणाली, अंगावरच्या कपड्यांनिशी, ना दुधाची बाटली ना दुपटं. तेव्हापासून एक फोन नाही. पोर रात्ररात्र आईसाठी रडतं. वहिनीला काय झालंय हो, विचारत होती. मी काय सांगू? मी शेजारणीकडे जाऊन तिला खांद्याला धरून हलवली. ती म्हणाली, पेलत नाही तेव्हा गळतं. आणि मला चहा विचारला.

जाळीवर पुठ्ठा लावून चिकटपट्टी मारली आहे, चार थर. भुंगी पहिल्यापासून पलीकडच्या खिडकीखाली झोपते आणि दिवसभर बाहेर उंडारते, म्हणून ती अजून धड आहे असं वाटतं. मी मात्र रात्री जाळीखाली, दिवसा चौथ्या खोलीत. दादाला कळवलं की आम्हाला न्यायला ये. तो शनिवारी गाडी घेऊन येतो म्हणाला. मी म्हटलं, शनिवारची वाट कोण बघतंय, उद्या पहिल्या बसने निघते.

१४ मे

बस चुकली. म्हणजे वेळेत उठले होते, बॅगा दाराशी होत्या, भुंगी बॅगेवर बसून होती. मी खिडकीशी उभी राहून बस जाताना पाहिली. एवढी काय घाई, असं मनात आलं. मग आणखी एक पिशवी भरावी असं वाटलं, पुरावा हवा, नाहीतर म्हणतील हिला भांडायला कारणच लागतं.

भुंगी खूप चिडली. आई बस गेली, आई बस गेली, किती वेळ म्हणत होती.

मला तिचा राग आला नाही. हे पुन्हा एकदा लिहिते. मला माझ्या पोरीचा राग आला नाही.

१५ मे

खोली गार आहे. उठल्यावर बरं वाटलं. मग वर पाहिलं. जाळीवरचा पुठ्ठा नाही, पट्ट्या सोलून गुंडाळी करून खिडकीत ठेवलेल्या. मी भुंगीवर डाफरले, हात कुणी लावला याला? भुंगी म्हणाली, तूच काढलास. रात्री पलंगावर उभी राहून काढलास, आणि मी हाका मारल्या तर बोलली नाहीस.

माझ्या नखांत चिकटपट्टीचा गोंद आहे.

भुंगीला सकाळपासून पाणी दिलं नव्हतं. मागितलं नाहीस का म्हणून विचारलं. म्हणाली, चारदा मागितलं.

देवा. ह्या हरामखोरांना मी सोडणार नाही. सरांना, मिस्त्रीला, हवा वळवायच्या कागदावर ज्याने ज्याने सही केली असेल त्याला. भर चौकात उभं करेन. हे लिहितेय तोवर राग आहे. राग आहे तोवर मी आहे. मी मुठी वळून लिहितेय. भुंगीसाठी माझ्याकडे जे काही आहे ते ह्या रागातच आहे. ओरडते ती आई, दटावते ती आई, बस चुकली तर चालत घेऊन निघते ती आई. मिटली ती नव्हे.

माझ्यासाठी इथे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवते. रोज वाचायचं.

रागाव. भुंगीसाठी रागाव.

आत्ताच निघतो, चालत. फाटक उघडलं की.

१६ मे

निघालो नाही. ऊन होतं.

भुंगीने आज बादली फोडली, स्वतःची. मग माझा पेला. मग माझ्याकडे बघत बघत, सावकाश, ताटली. प्रत्येक वेळी थांबून माझ्या तोंडाकडे बघायची. मी केर काढला. ती रडायला लागली, आई ओरड ना, आई मला मार ना.

मी म्हटलं, असू दे.

माझाच आवाज ऐकला आणि — हे तर सरांचं वाक्य — त्यांच्याच सुरात —

वही उघडली. रागाव. वाचलं. थोडा आला. बिबळ्याच्या नखांसारखा नाही, ओरखड्याएवढा. तेवढ्या रागावर दाराशी गेले, बॅग उचलली, पण मग जड वाटली. भुंगीला घट्ट धरून बसले. ती तापलेली होती. तिला पाणी द्यायचं आहे, हे तळहातावर लिहून ठेवलंय.

१७ मे, सकाळ

दादाचा फोन. उद्या शनिवार, पहाटे निघतो म्हणाला. मी सांगितलं नको येऊस. इथे सगळं ठीक आहे. तो म्हणाला, तू भांडली नाहीस म्हणजे काहीतरी बिनसलंय. हसले. निदान हसल्याचा आवाज काढला. मग नको ना रे, असं पुन्हा म्हटलं, तर बरं म्हणाला.

दादा, ऐकू नकोस माझं — मी नाही बोलले ते — ये —

हे त्याला फोनवर सांगायचं होतं. इथे लिहिलं.

१७ मे, दुपार

शांत आहे. तहान नाही.

तळहातावर काहीतरी लिहिलेलं आहे, घामाने पुसलंय. पा — पुढचं दिसत नाही.

भुंगी फार बोलते. बोलण्यात फार पाणी जातं. तिला जिन्यावर ठेवलं, तिच्या बॅगेवर बसवून. मामा येईल म्हटलं. मामाला मीच नको म्हणून सांगितलंय. दोन्ही मीच केलं. दोन्ही बरोबर वाटतं.

दार लावलं. खिडक्या लावल्या. दुपारी सगळं बंद ठेवायचं. खालचं फाटकही बंद आहे, कुलूप घातल्याचा आवाज आला.

पलीकडे शेजारीण आहे. तीही मिटून बसली असेल.

दार वाजतंय. हाताने.

आई म्हणतंय कुणीतरी. कोवळा आवाज आहे.

पेलत नाही तेव्हा —

लाथ. दाराला लाथ. पुन्हा. लोखंड तापलंय असं ओरडतंय. पाय भाजतात. आई पाय —

वही उघडी आहे. मोठं अक्षर. रागाव. माझंच अक्षर आहे. कुणावर? कुणासाठी ते पुढे लिहिलंय. भुंगी. भुंगी म्हणजे —

लाथ.

दाराला लाथ मारायची नाही. हे मी कुणाला तरी — हजारदा — शेजारीपाजारी ऐकू जाईल एवढ्या —

लाथ. हळू.

एवढी हळू का मारतेय? ही कधी हळू मारत नाही. आल्या दिवशी दार खिळखिळं केलं होतं हिने —

थांबलं.

का थांबलं? कुणी थांबायला सांगितलं? ए भुंगे! मार ना! मी येतेय, उठतेय, पाय उचलत नाहीत मेले — मार लाथ, ऐकतेस का, भुंगे, मार ना ला